अन्नशास्त्राच्या शिक्षणाची घडण

पुण्यात अन्नविषयक शास्त्राचे शिक्षण शेतीच्या आधाराने सुरू झाले. १८७९ मध्ये सायन्स कॉलेजात शेतीचे वर्ग भरू लागले आणि १९०७ मध्ये स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. तेथे भर होता तो पिकांवर. पीक घरात आल्यावर ते टिकवायचे कसे, त्यातले सत्त्व आणि भेसळ ओळखायची कशी, या प्रश्नांना स्वतंत्र विद्याशाखा मिळायला आणखी काही दशके लागली.

ती दिशा रसायनशास्त्राने दिली. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग स्थापन केला. विद्यार्थ्यांच्या तोंडी तो ‘यूडीसीटी’ झाला. १९४० च्या दशकात तेथे अन्न तंत्रज्ञानाचे शिक्षण सुरू झाले. १९५० मध्ये म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था निघाली आणि या विषयाला देशपातळीवर संशोधनाचे केंद्र लाभले.

या काळात अन्नशास्त्रज्ञ घडायचा तो रसायन किंवा जीवरसायनाच्या वाटेने. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांचे आयुष्य हेच दाखवते. मुंबईत पदवी घेतल्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारला गेला, कारण त्या स्त्री होत्या. त्यांनी आग्रह सोडला नाही. अखेर संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना अटींवर प्रवेश दिला. तेथे त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम केले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या विज्ञानात हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतील कामानंतर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन केले आणि नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. पुढे ग्राहक चळवळीत उतरून अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्यांनी लोकांना शिकवले. प्रयोगशाळेतले ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत नेणे हे अन्नशास्त्राचे खरे प्रयोजन आहे आणि त्यांनी ते आयुष्यभर सांभाळले.

शेती आणि रसायन या दोन्ही वाटा मराठवाड्यात एकत्र आल्या. परभणीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७६ मध्ये त्याच्या छत्राखाली अन्न तंत्रज्ञानाचे महाविद्यालय सुरू झाले. धान्य दळणे, फळांचा रस काढणे, दूध थंड करणे, डबाबंद करणे ही कामे आता अभियांत्रिकी आणि सूक्ष्मजीवशास्त्रासह शिकवली जाऊ लागली.

कायद्यानेही या शिक्षणाला आकार दिला. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याला अन्न तपासणारे विश्लेषक लागत. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याने जुने कायदे एकत्र केले. २०११ च्या नियमांनी अन्नसुरक्षा अधिकाऱ्यासाठी अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, कृषी अशा पदव्या ग्राह्य धरल्या. अन्न विश्लेषकाला ठराविक शैक्षणिक पात्रता, प्रत्यक्ष अनुभव आणि वेगळी परीक्षा आवश्यक ठरली.

आज पुण्यातल्या विद्यार्थ्याला या वाटेवर जायचे असेल, तर बारावीला विज्ञान शाखा आणि एमएचटी-सीईटीसारखी प्रवेश परीक्षा ही पहिली पायरी आहे. त्यानंतर चार वर्षांची बी.टेक. पदवी परभणीत, मुंबईत किंवा पुण्याजवळच्या लोणी काळभोरला घेता येते. रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन पदव्युत्तर टप्प्यावर अन्नशास्त्राकडे वळण्याची जुनी वाटही अजून खुली आहे.