पांढरीची माती काय सांगते?



गावच्या जमिनीला आपल्याकडे दोन नावं आहेत. पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. नदी पुरात गाळाचा थर टाकते, तशी माणसंही राहता राहता थर टाकत जातात. चुलीतली राख, सारवण, पडलेल्या भिंती, फुटकी मडकी एकावर एक साचतात. तळाचा थर सगळ्यात जुना, वरचा अलीकडचा.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथली जुनी पांढरी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात थराथराने उकरली. तळाची वस्ती निघाली सुमारे ३६०० वर्षांपूर्वीची. त्या लोकांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही. पण मातीत त्यांची चौकोनी घरं सापडली, चुली सापडल्या, धान्याची पेवं सापडली. जळका दाणा कुजत नाही, म्हणून ते सातू पिकवत होते हेही कळलं. शेताला पाणी न्यायला पाट खोदला होता. घरातल्या जमिनीखाली लहानगी लेकरं पुरलेली होती, दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून.

सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या थरात मात्र चित्र पालटतं. मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. सातू कमी होतो, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात. पाऊस आटला आणि शेती हातची गेली, असा अर्थ संशोधकांनी लावला. पुढे तीनेकशे वर्षांत वस्ती उठली.

बायांनो, राजांचा इतिहास ताम्रपटात आणि शिलालेखात सापडतो. चूल पेटवणारीचा, दळणारीचा, पेव भरणारीचा इतिहास या मातीतच असतो.

पांढरीची माती टाकली की पीक जोमात येतं, म्हणून ती ट्रॉल्या भरभरून शेतात जाते. पण थर एकदा कालवले, की आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं ते कळत नाही. नुसतं खापर हाती राहतं, त्याची गोष्ट जाते.

म्हणून माती काढताना राखेचा पट्टा, रंगीत खापरं, मणी किंवा हाडं दिसली तर खोदकाम थांबवायला सांगा. वस्तू जागची हलवू नका. ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना कळवा. गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या गावची जुनी पांढरी कुठे आहे? थोरल्या बायांना ती जागा नक्की ठाऊक असेल.