दोन स्तंभांमधील वाट

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढले आणि त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला, तेव्हा परभाषेत पाऊल टाकू इच्छिणाऱ्या वाचकासाठी, गुरूवाचूनही चालता येईल अशी एक वाट त्या दोन स्तंभांच्या मधोमध आपोआप आखली गेली.

त्या वाटेवरची साधने हळूहळू सिद्ध झाली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याच परंपरेतील इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण कोश जवळ असला तरी अनेक अर्थांतून प्रसंगास साजेसा अर्थ कोणता, याचा निवाडा शिकणाऱ्यालाच करावा लागे. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने आधी नियम, मग शब्द आणि शेवटी भाषांतरासाठी वाक्ये, असा क्रम घालून दिला, आणि त्यामुळे ज्याची शाळा अर्ध्यावर सुटली आहे अशा माणसालाही, कचेरीतील दप्तर आवरल्यावर, कंदिलाच्या उजेडात आपला अभ्यास आपणच चालविणे शक्य झाले. खोडाखोडीने भरलेली वही हीच त्या अभ्यासाची खरी सनद होती.

छापील पुस्तकाला एकच गोष्ट साध्य नव्हती, ती म्हणजे उच्चार. ती उणीव आधी नभोवाणीने व ध्वनिफितींनी, आणि अलीकडे आंतरजालाने भरून काढली. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने घरी राहून शिकण्याला प्रतिष्ठा दिली, तर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या आंतरजालावरील शिक्षणमंचाने व्याख्यानाची चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकानिरसनाची चर्चा ही चारही अंगे एका पडद्यावर आणली. अवघड वाक्य दहा वेळा ऐकावे, चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवावा, आणि हे करताना कोणाची नजर आपल्यावर नसावी, हे भाग्य पूर्वीच्या विद्यार्थ्याला क्वचितच लाभले असेल.

तथापि ज्या पडद्यावर हा पाठ उलगडतो, त्याच पडद्यावर एका स्पर्शासरशी तयार भाषांतरही हजर होते, आणि मग दोन स्तंभांमधील जे अंतर तोलत, अडखळत, शब्द शोधत ओलांडावयाचे, ते न चालताच संपून जाते. म्हणून आजच्या शिक्षकाचे मुख्य काम, माझ्या मते, अधिक पाठ पुरविण्याचे नसून आधी आपला प्रयत्न लिहावा, मग उत्तर पाहावे, चूक कोठे झाली ते वहीत नोंदवावे आणि आठ दिवसांनी त्या नोंदीकडे परतावे, ही शिस्त विद्यार्थ्याच्या अंगी बाणविण्याचे आहे. ‘दर्पण’च्या वाचकाला दोन्ही स्तंभ समोर दिसत असूनही मधली वाट त्यालाच चालावी लागली, आणि त्या चालण्यानेच ती भाषा त्याची झाली.