अचलपूरची ‘ब्रॉड’ मागणी

अचलपूरच्या माणसाला ‘ब्रॉड’ हा शब्द इंटरनेटने शिकवलेला नाही. ‘ब्रॉडगेज कधी होणार?’ हा प्रश्न इथे चहाच्या टपरीपासून निवडणुकीच्या सभेपर्यंत किती वर्षं विचारला जातो आहे! आज बोलायचं आहे ते खेड्यांतल्या ब्रॉडबँडविषयी. पण सुरुवात रेल्वेपासूनच करावी लागेल.

एलिचपूर ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. इंग्रजी अमलातही तो काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. पण 1860 च्या दशकात मुंबईहून नागपूरकडे लोहमार्ग आला तो मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा मिळाला, एलिचपूर उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी बाजूला राहिलं. 1905 मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत विलीन झाला. हे सगळं एका रेल्वेमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण रस्ता चुकलेल्या गावाचं वजन कमी होतं, हे खरं.

1910 च्या दशकात मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत गाडी अचलपूरला आली. हीच आपली शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली उभा राहिलेला हा मार्ग कापसासाठी होता. रूळ अडीच फुटी. शकुंतलेच्या जाळ्यावर 1921 साली मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावत होतं, याचं पर्यटकांना कौतुक वाटतं. सुमारे 76 किलोमीटरला चार तास घालवणाऱ्या प्रवाशाला ते किती वाटत असेल, हा प्रश्न वेगळा. अलीकडच्या काही वर्षांत गाडीच बंद पडली. रुंदीकरणासाठी आंदोलनं झाली, घोषणाही झाल्या.

म्हणजे मार्ग आला, पण अरुंद आला. आणि तो कुणाच्या मालासाठी आला, त्यावरच त्याची रुंदी ठरली. तारेचंही तसंच आहे. 2004 च्या सरकारी धोरणात सेकंदाला 256 किलोबिट वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणत. 2013 मध्ये ही किमान मर्यादा 512 झाली आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट. आज शहरात शंभर मेगाबिटची जोडणी घरोघर दिसते. तेव्हा ‘आमच्या गावात ब्रॉडबँड आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. किती रुंद, हे विचारावं.

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. दर पंचायतीला शंभर मेगाबिट, असा तो संकल्प. त्यात दोन गोष्टी घात करणाऱ्या होत्या. एक म्हणजे तार पंचायतीच्या कार्यालयापर्यंत. पुढे घरी, शाळेत, दवाखान्यात ती कोण नेणार, हे धूसर. दुसरी म्हणजे तालुक्यापासून ती एकेरी ओढलेली. रस्ता रुंद करताना जेसीबीने एका ठिकाणी तार तोडली, की तिच्या पलीकडची सगळी गावं मुकी.

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागलं की हे जास्तच जाणवतं. सेमाडोह, हरिसाल ही मेळघाटातली गावं, व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख. इथे खोदायला वनखात्याची परवानगी हवी, आणि डोंगर मध्ये आला की मोबाइलची लहरही अडते. 2016 च्या सुमारास हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने तिथे दूरचित्रवाणीच्या मोकळ्या राहिलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग झाला. दूरवैद्यक आणि ई-शिक्षण सुरू झालं. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी तिथलं चित्रीकरण पडद्यावर दाखवून हे दावे खोडले. सरकार पक्षाने त्याला उत्तर दिलं. त्या वादात कोण जिंकलं ते बाजूला ठेवू. पुढच्याच वर्षी कोरोनात शाळा घरात आल्या, आणि मेळघाटातली मुलं नेटवर्कसाठी टेकड्या चढल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या.

आता तर इंटरनेट ही चैन उरलेली नाही. रेशनचं धान्य अंगठा उमटल्यावर मिळतं. 2023 पासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे फोटो दिवसातून दोनदा अ‍ॅपवर टाकण्याची सक्ती झाली. रेंज नाही, म्हणून हजेरी नाही, आणि हजेरी नाही म्हणून मजुरी अडकली, असं होऊ लागलं तर भरपाई त्या मजुराला कोण देणार?

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या खेड्यांनी 2011 मध्ये कंपन्यांची वाट पाहणं सोडलं. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून तारेला फुकट वाट दिली, गावकऱ्यांनी चर खणले आणि हजार मेगाबिटची जोडणी घरात आणली. आपल्याकडे 1998 मध्ये वारणेच्या सहकारी परिसरातली सत्तर गावं संगणकांनी जोडली गेली. बाजारभाव, शेतीसल्ला, सगळ्याची स्वप्नं होती. प्रत्यक्षात लोक मुख्यतः आपल्या उसाचं वजन आणि बिल बघायला येत. पुढे तेवढंच काम साध्या मोबाइलच्या संदेशावरही होऊ शकतं, असं सात गावांतल्या प्रयोगात दिसलं. वारणेत विचारणारा शेतकरी होता आणि त्याला काय हवं ते त्याला ठाऊक होतं, म्हणून ती सोय चालली.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुमारे 1.39 लाख कोटी रुपयांची सुधारित भारतनेट योजना मंजूर केली. तार आता कड्यासारखी फिरवायची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसरीकडून चालेल. आणि दहा वर्षांची देखभालही करारातच. पण एक ओळ नीट वाचायला हवी. स्वतःची ग्रामपंचायत नसलेल्या सुमारे 3.8 लाख गावांना ही तार मिळेल, ती मागणी केल्यास. मेळघाटात गट ग्रामपंचायतीत मोडणारी कोरकूंची छोटी गावं किती आहेत, ते परतवाड्याच्या बाजाराला येणाऱ्या कुणालाही विचारा. त्यांची मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहिली जायला हवी. कोणत्या शाळेत, कोणत्या उपकेंद्रात, किती वेगाची जोडणी, आणि तुटली तर किती दिवसांत जोडणार, हे सगळं त्या ठरावात हवं.