जकात आणि हुंडेकरी : परदेशी मालावरील दोन आकारांचा इतिहास

गिरगावातील फणसवाडी हे नाव रूढ झाले त्या काळी मुंबई बेटाचा हा भाग वाड्यांचा, म्हणजे बागांचा होता. बागा गेल्या, चाळी उभ्या राहिल्या. नाव मात्र टिकून राहिले. आज या चाळींतील एखाद्या बिऱ्हाडी परदेशातून मागविलेली वस्तू येते, तेव्हा कुरियरचा माणूस ती हाती देण्यापूर्वी काही रक्कम मागतो. रक्कम कशाची, असे विचारले असता एकशब्दी उत्तर मिळते : 'कस्टम'. या उत्तराने बहुधा समाधान होते. कारण सरकारी कर म्हटला की वाद खुंटतो.

वस्तुतः त्या रकमेत दोन भिन्न जातींचे आकार एकत्र आलेले असतात. एक, राज्यसंस्थेने सीमेवर घेतलेले शुल्क. दुसरा, ते शुल्क भरून माल सोडवून आणणाऱ्या मध्यस्थाचा मोबदला. पहिल्याचा दर कायद्याने ठरतो व राजपत्रात प्रसिद्ध होतो. दुसऱ्याचा दर मध्यस्थ स्वतः ठरवितो. हे दोन आकार एकत्र येण्याची घटना नवी नाही. परंतु त्यांना एकच नाव मिळण्याची घटना नवी आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या इतिहासाचा थोडक्यात मागोवा घ्यावयाचा आहे.

१

कौटिलीय अर्थशास्त्रातील शुल्काध्यक्षाच्या प्रकरणात नगरद्वारापाशी शुल्कशाळा उभारून तेथे लेखकांनी व्यापारी कोण, कोठला, माल किती व मुद्रा कोठे झाली हे लिहून घ्यावे, असे सांगितले आहे. शुल्काच्या भीतीने मालाचे प्रमाण वा मूल्य कमी सांगणाऱ्याचा जादा माल राजाने घ्यावा, असाही नियम तेथे आहे. आजच्या पार्सलावरील घोषणापत्रात पाठविणारा, मालाचे वर्णन, संख्या व किंमत हेच रकाने असतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच प्रकरणात अंतपालाने घ्यावयाची 'वर्तनी', म्हणजे वाटेच्या वापराचा आकार, शुल्काहून वेगळी गणली आहे. मालावरील कर आणि वाटेचा खर्च या दोन कल्पना इतक्या जुन्या काळीही वेगळ्या होत्या.

मराठी कागदपत्रांत या क्षेत्रातील शब्दसंपदा प्रामुख्याने अरबी-फारसीतून आली. 'जकात' हा शब्द मूळ अरबीत धर्मविहित दानाचा वाचक. मराठीत तो मालावरील कराचा वाचक झाला. 'हाशील' म्हणजे जे प्राप्त झाले ते. 'दस्तुरी' हा शब्द फारसी 'दस्तूर' म्हणजे रूढी यावरून आला आणि मध्यस्थाच्या प्रघातानुसार मिळणाऱ्या हिश्श्यास लागला. इंग्रजी 'कस्टम' या शब्दाचाही मूळ अर्थ रूढी असाच आहे. एकाच अर्थबीजापासून निघालेल्या या दोन शब्दांपैकी एक राजाच्या करास आणि दुसरा मध्यस्थाच्या मोबदल्यास चिकटावा, हा योगायोग मोठा उद्बोधक आहे.

सीमेवरील जकातीमागे केवळ उत्पन्नाचा हेतू नसे. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभेदारास लिहिलेल्या पत्रात पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. परक्या मिठाचा भाव संगमेश्वराकडील मिठाच्या भावाशी बरोबरीत यावा आणि स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडू नये, हा त्यामागील विचार होता. संरक्षक आयातशुल्काचे याहून स्वच्छ उदाहरण मराठी साधनांत क्वचितच सापडेल.

२

पेशवाईत जकातीची व्यवस्था बरीच गुंतागुंतीची झाली. माल जेथे भरला तेथे 'थळभरीत', जेथे उतरून विकला तेथे 'थळमोड', आणि मधल्या वाटेवर ठिकठिकाणच्या चौक्यांवर निराळी जकात. आकारणी बहुधा बैलाच्या ओझ्यावर होई आणि वसुली मक्त्याने दिलेली असे. कोकणातून घाटावर माल नेणाऱ्या व्यापाऱ्यास अनेक मक्तेदारांशी निरनिराळा व्यवहार करावा लागे.

या अडचणीतून 'हुंडेकरी' हा वर्ग पुढे आला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या वर्गाचे वर्णन आहे. हुंडेकरी व्यापाऱ्याकडून एकच ठोक रक्कम घेई व माल साऱ्या मुलखातून पार नेण्याची हमी देई. वाटेवरील मक्तेदारांशी तो परस्पर ठराव करी आणि त्यांच्या देण्यास तोच जबाबदार राही. 'हुंडा' या शब्दाचा येथील अर्थ ठोक रकमेचा करार असा आहे.

हुंडेकऱ्याचा मोबदला अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. व्यापाऱ्याचा वेळ, चौकीवरील खोळंबा आणि अधिकाऱ्यांशी होणारी हुज्जत यांची ती किंमत होती. दोन गोष्टी मात्र विसरता कामा नयेत. हुंडेकरी कोण असावा हे व्यापारी स्वतः ठरवी. आणि हुंड्याची रक्कम माल हलण्यापूर्वी ठरे. मध्यस्थाच्या नफ्यास पूर्वसंमतीचा आधार होता.

३

मुंबई बेटाचा इतिहास तर जकातीच्या भांडणानेच सुरू होतो. १६६१ च्या विवाहतहाने बेट इंग्रजांकडे आले, तरी ठाणे व करंजा येथील नाकी पोर्तुगीजांच्या हाती राहिली. मुंबईस येणाऱ्याजाणाऱ्या मालावर तेथे जकात घेतली जाई आणि त्यावरून कंपनीचे अधिकारी दीर्घकाळ तक्रार करीत राहिले. फणसवाडीच्या पूर्वेस काळबादेवी ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या मांडवी या वस्तीच्या नावातही तोच इतिहास आहे. 'मांडवी' या शब्दाचा जुना अर्थच जकातीचे ठाणे असा आहे.

१८३८ साली मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती उठविण्यात आल्या. चौक्या गेल्या तशी हुंडेकऱ्याची मूळ गरजही सरली. पुढे रेल्वेने उरलीसुरली पूर्ण केली. शब्द आडनावाच्या रूपाने उरला. 'हुंडा' या शब्दाचा अर्थ तर इतका आकसला की आज त्यावरून विवाहातील देण्याघेण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. शुल्काचे केंद्र बंदरावर एकवटले. १८७८ चा सागरी सीमाशुल्क कायदा व त्यानंतर १९६२ चा सीमाशुल्क कायदा या दोहोंचा आधार एकच : सीमा ओलांडणाऱ्या मालावर शुल्क द्यावयाचे, आणि माल सोडविण्याची रीतसर कागदपत्रे सादर करावयाची. बंदरावर हे काम व्यावसायिक दलाल करीत. व्यापारी त्यांना नेमी व त्यांची दलाली आपल्या वहीत स्वतंत्र लिही.

सामान्य गृहस्थाचा या व्यवस्थेशी संबंध येई तो टपालाने. बॅलार्ड इस्टेट येथील विदेश डाकघरात पार्सले उघडून त्यांवर शुल्क आकारले जाई व पोस्टमन ते दारात वसूल करी. जागतिक टपाल संघाच्या नियमांतही पार्सल सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे मांडण्याच्या कामाचा आकार हा शुल्काहून वेगळा मानलेला आहे.

४

खाजगी कुरियर संस्थांनी हे चित्र पालटले. १९९८ च्या नियमांनी 'अधिकृत कुरियर' या वर्गास मालाची सोडवणूक करण्याची परवानगी मिळाली व २०१० च्या नियमांनी ही प्रक्रिया संगणकावर आणली. पुढे इंटरनेटवरून परदेशी दुकानांतील खरेदी वाढली, तेव्हा जो व्यवहार बंदरावरील व्यापाऱ्याचा होता तो चाळीतील बिऱ्हाडाचा झाला.

आकारणीची रीत पाहण्यासारखी आहे. शुल्कासाठी धरावयाच्या मूल्यात वस्तूच्या किमतीबरोबर वाहतूकखर्च व विमाही मोडतो. त्यावर मूळ सीमाशुल्क. त्या शुल्कावर २०१८ पासून समाजकल्याण अधिभार. आणि १ जुलै २०१७ पासून या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. करावर कर चढत जातो, परंतु प्रत्येक पायरीस कायद्याचा आधार असतो.

यानंतर दुसरा आकार येतो. कुरियर संस्था शुल्काची रक्कम आगाऊ भरते आणि त्याबद्दल ग्राहकाकडून शुल्काच्या काही टक्के अथवा एक किमान रक्कम, यांपैकी जी अधिक असेल ती घेण्याचा प्रघात आहे. तिच्यावर सेवेचा १८ टक्के कर पडतो. किमान रकमेच्या या अटीचा परिणाम उघड आहे. मोठ्या मालावर हा आकार नगण्य ठरतो. पण ज्या वस्तूवर शुल्क अल्प, तिच्यावर तो मूळ शुल्काहूनही भारी होऊ शकतो. छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पाने ५ टक्के सीमाशुल्क बसविले. अशा एखाद्या ग्रंथासाठी संशोधकास राज्यापेक्षा वाहतूकदारासच अधिक द्यावे लागणे सहज शक्य आहे.

हुंडेकरी आणि कुरियर यांचे कार्य एकच आहे. भेद आहे तो संमतीच्या स्थानात. हुंडेकऱ्यास मालाचा धनी नेमी. कुरियरची निवड बहुधा परदेशी विक्रेता करतो, आणि फणसवाडीतील ग्राहकास मध्यस्थाचा दर कळतो तो माल दाराशी आल्यावर. अल्प मूल्याच्या काही मालाबाबत तर ग्राहकाचे अधिकारपत्र माल पोचवितेवेळी घेण्याची मुभा नियमांतच आहे. काम आधी, संमती मागाहून, असा हा क्रम झाला.

५

या क्रमाला उलट वळण देणारा अनुभव अलीकडचाच आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालास असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित केली. वसुली कोणी व कशी करावी हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने तिकडील सेवा थांबविली, आणि गिरगाव-दादरहून परदेशस्थ मुलांना जाणाऱ्या दिवाळीच्या फराळाची पंचाईत झाली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सेवा पुन्हा सुरू झाली, ती अशा व्यवस्थेने की शुल्क पाठविणाऱ्यानेच येथे आगाऊ भरावे व अमेरिकी सीमाशुल्क खात्याने मान्य केलेल्या मध्यस्थांनी ते तिकडे पोचवावे. या सोयीबद्दल ग्राहकाकडून जादा आकार घेणार नसल्याचे टपाल खात्याने त्या वेळी जाहीर केले. शुल्क जड होते; परंतु डबा घराबाहेर पडण्यापूर्वी रक्कम माहीत होती. जुन्या हुंड्याचे तत्त्व, म्हणजे आधी ठराव व मग वाट, येथे नकळत परत आले.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. राज्याचे शुल्क आणि मध्यस्थाचा मोबदला हे दोन्ही आकार इतिहासात सतत बरोबरीने चालत आले. जुन्या मराठीत त्यांना जकात, दस्तुरी, हुंडा अशी निरनिराळी नावे होती; म्हणून कोणी काय घेतले हे विचारता येत असे. आज 'कस्टम' या एकाच शब्दाखाली दोन्ही लपतात. परिणामी वाहतूकदाराच्या दराबद्दल सरकारास दोष दिला जातो आणि सरकारच्या कराबद्दल दारातील पोऱ्यास बोल लावला जातो. तक्रार दोन्ही वेळा चुकीच्या दारी जाते. ग्राहकाने सीमाशुल्काच्या भरण्याचा कागद व कुरियरचे बिल स्वतंत्रपणे मागावे, एवढ्यानेही पुष्कळ उलगडा होईल. मागण्यासाठी मात्र दोन वस्तूंना दोन नावे हवीत. ती मराठीत होती. ती पुन्हा वापरात आणणे अशक्य नाही.