भंगारवाल्याला बोलावण्याआधी केरळची ही गोष्ट वाचा

गेल्या आठवड्यात बातमीच्या निमित्ताने तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. व्हरांड्याच्या टोकाला 'संगणक कक्ष' लिहिलेली खोली, कुलूप गंजलेलं. आत दहा कॉम्प्युटर, अंगावर जुन्या चादरी. शिपाईमामा म्हणाले, "आता भंगारवाला येणार आहे, साहेब." मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "विंडोज १० चे दिवस संपले, ११ यांच्यावर चालत नाही. कराराची मुदत संपली तसा शिकवणारा मुलगाही गेला. आम्ही काय करायचं?"

सरांचं म्हणणं खोटं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नवे अपडेट मिळत नाहीत. शाळेची नाव न घेण्याची विनंती आहे, म्हणून घेत नाही. तसंही अशी खोली तुमच्याही गावात असेल.

म्हणून थोडं मागे जाऊ. साल २००१.

त्या वर्षी केरळ सरकारने 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला. इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांच्या समितीच्या शिफारशीतून तो आला होता. त्याच वर्षी आपल्याकडे एमकेसीएल स्थापन झाली आणि पुढे एमएस-सीआयटी घराघरात पोचली. गावोगावच्या पोरापोरींनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो या कोर्समुळे, हे मान्यच करायला हवं. पण फरक बघा. आपण कॉम्प्युटर शिकलो शाळेबाहेरच्या सेंटरवर, फी भरून, नोकरीच्या अर्जाला जोडायच्या सर्टिफिकेटसाठी. केरळने तो शाळेच्या वेळापत्रकात घातला.

सुरुवातीला तिथेही सगळं विंडोजवरच होतं. मग शिक्षक संघटनेनेच आक्षेप घेतला. सरकारी पुस्तकातून एकाच कंपनीचं उत्पादन का शिकवायचं? प्रत्येक मशीनमागे लायसन्सचे पैसे किती वर्षं भरत राहायचं? २००१ मध्येच तिरुवनंतपुरमला मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन येऊन गेले होते आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया सुरू झाली होती. त्यामुळे पर्याय सांगणारे इंजिनिअर, प्राध्यापक जवळच होते. लिनक्स फुकट होतं, कॉपी करून वाटायला मोकळं होतं आणि त्यात मल्याळम बसवता येत होतं.

बदल एका रात्रीत झाला नाही. २००५ मध्ये दहावीच्या परीक्षेत आयटी हा विषय आला. काही काळ विंडोज आणि लिनक्स दोन्ही चालले. २००६ मध्ये व्ही. एस. अच्युतानंदन मुख्यमंत्री झाल्यावर सरकारचा कौल स्पष्ट झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत हायस्कूलचं आयटी शिक्षण पूर्ण मुक्त सॉफ्टवेअरवर गेलं.

माझ्या मते खरी गोष्ट यापुढे आहे. केरळने प्रत्येक शाळेत तिथल्याच एका शिक्षकाला आयटी समन्वयक केलं. गणिताचा, विज्ञानाचा, कधी भाषेचासुद्धा. या शिक्षकांना मास्टर ट्रेनर्सनी शिकवलं. सुट्टीत शिबिरं घेऊन शिक्षकांनी स्वतः मशीनवर लिनक्स टाकलं. मशीन अडलं की कंपनीच्या माणसाची वाट बघायची गरज उरली नाही. ते उघडायचा हक्कही त्यांचा आणि अक्कलही त्यांची. २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' नावाने मुलांचेच आयटी क्लब सुरू झाले. एक आकडाही सांगतो. २०१९ मध्ये 'काइट' या तिथल्या सरकारी संस्थेने सांगितलं की, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर हीच प्रणाली टाकल्याने ३,००० कोटी रुपये वाचतात. हा त्यांचाच हिशोब आहे, लायसन्सच्या किमती धरून केलेला. निम्मा धरला तरी थोडा नाही.

आपल्याकडे केंद्राच्या आयसीटी योजनेतून लॅब आल्या, पण बऱ्याच ठिकाणी 'बूट' पद्धतीने. कंपनीने मशीन बसवायची, कंत्राटी निदेशक नेमायचा, ठरावीक वर्षं चालवायची, मग लॅब शाळेच्या ताब्यात. ताब्यात म्हणजे किल्ली ताब्यात. चालवायचं ज्ञान निदेशकासोबत निघून गेलं. मी पाहिलेल्या शाळांमध्ये मशीन बिघडण्याआधी माणूस संपला होता.

"पण नोकरीत विंडोजच लागतं ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. लागतं. आमच्या पेपरच्या ऑफिसात जुन्या मराठी फॉन्टसाठी आजही लागतं. पण लिब्रेऑफिसवर तक्ता करायला शिकलेल्या पोराला एक्सेल समजायला दोन-चार दिवस पुरतात. चादरीखालच्या मशीनवर मात्र तो काहीच शिकत नाही.

आता त्या दहा मशीनचं. माझ्यासोबत एसटी स्टँडजवळचा रिपेअरिंगवाला मित्र आला होता. त्याने चालू करून पाहिली, सहा सुरू झाली. एकात दुसऱ्याची रॅम घातली, एक जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, तर सात-आठ निघतील म्हणतो. त्यावर लुबंटू किंवा मिंटसारखं हलकं लिनक्स चालतं. गणिताला जिओजेब्रा आहे, लहानांना जीकॉम्प्री आहे, सगळं फुकट. शिकायला आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीतही आहेत.

एक गोष्ट मात्र फुकट मिळत नाही. जबाबदारी घेणारा एक शिक्षक आणि त्याला आठवड्यातले दोन मोकळे तास. ते शाळेनेच ठरवायचं असतं. हे ठरलं नाही तर लिनक्सवरही सहा महिन्यांत चादर पडेल.

मुख्याध्यापक सरांनी भंगारवाल्याला दोन आठवडे थांबवलंय. रविवारी सकाळी दहाला मी आणि मित्र पेनड्राइव्ह घेऊन शाळेत जातोय. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "मला काही येत नाही, पण मी येते." केरळातही सुरुवात अशाच शिक्षकांपासून झाली असणार. तुमच्या शाळेत कुलूप असेल, तर आधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारा.