घर शिकवणारी माणसं



बारावीनंतर लेकीने इंटिरिअर डिझाइन घ्यायचं ठरवलं, तेव्हा घाटकोपरच्या आमच्या घरात पहिला प्रश्न सासूबाईंचा होता, "शिकवणार कोण, सुतार?" सगळे हसले. मी मात्र विचारात पडले. घर कसं मांडावं हे कॉलेजात शिकवणारी माणसं येतात तरी कुठून?

शोधायला बसले तर सासूबाई फार चुकल्या नव्हत्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. १८६५ मध्ये तिथे लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. लेखक रुड्यार्ड किपलिंग हा त्यांचाच मुलगा, त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत जन्मलेला. हे लॉकवुड इंग्लंडमध्ये चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात काम करून तयार झालेले शिल्पकार. त्यांच्या जोडीचे जॉन ग्रिफिथ्स भिंतींवरची सजावटीची चित्रकला शिकवत. दोघेही हाताने काम केलेले, आणि मुलांनाही त्यांनी कामालाच लावलं. व्ही.टी. स्टेशनच्या नक्षीकामात ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर पिशव्या खाली ठेवून प्रवेशदारावरची दगडी शिल्पं जरूर बघा. ती किपलिंग यांची. मी इतकी वर्षं त्यांच्याखालून मान खाली घालून जात होते!

पुढे शिकवणं आर्किटेक्टकडे गेलं. क्लॉड बॅटली जे.जे.मध्ये प्राध्यापक होते आणि ग्रेगसन, बॅटली अँड किंग या फर्मचे भागीदारही. मुंबई सेंट्रल स्टेशन त्यांचंच. म्हणजे वर्गात शिकवणारा माणूस शहरात इमारती बांधत होता. १९३७ मध्ये आर्किटेक्टांच्या संस्थेने टाऊन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. घर आतून कसं असावं, हेही आता तेच सांगू लागले.

दुसरी वाट बायकांची. गणिताचे प्राध्यापक असलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचली आणि १९१६ मध्ये आपलं महिला विद्यापीठ काढलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं. त्याचं होम सायन्स आज जुहूच्या कॅम्पसवर आहे. होम सायन्समध्ये घर शिकवणाऱ्या बाई आहार, कापड, घरखर्च यांतून आलेल्या. वेळ, पैसा आणि पाठदुखी यांचा हिशोब मांडणाऱ्या.

या हिशोबाचं एक मूळ अमेरिकेत आहे. लिलियन गिलब्रेथ मानसशास्त्राच्या डॉक्टर. कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली मोजता मोजता त्या स्वयंपाकघरात बाईची पावलं मोजू लागल्या. बारा मुलांची आई, पण स्वतः क्वचितच स्वयंपाक करत!

हे मी इतकं का सांगते? काही वर्षांपूर्वी आम्ही घर नव्याने करून घेतलं. डिझायनरचं नाव घेत नाही. खोल्या देखण्या झाल्या. पण आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, म्हणजे पाऊण तासात सात माणसांची पानं, हे त्याने विचारलंच नाही. ओट्यापाशी दोघी उभ्या राहिल्या की फ्रिज उघडत नाही. पाणी गाळायला जागा नाही. ओटा इतका उंच की सासूबाई पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटतात. त्याला शिकवणाऱ्यांत जुहूच्या वाटेने आलेलं कुणी नसावं, असं मला राहून राहून वाटतं.

१९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला तसा कायदा नाही. त्यामुळे या विषयाच्या शिक्षकांत आर्किटेक्ट, चित्रकार, होम सायन्सवाल्या, आठवड्यातून एखादा दिवस येणारे व्यावसायिक, सगळे सापडतात. मला हे वाईट वाटत नाही, यादीत एकाच जातीची माणसं असली तर मात्र मी फी भरण्याआधी थांबेन.

एका कॉलेजात आम्ही दोघी चौकशीला गेलो. पाच जणांत तीन आर्किटेक्ट, एक चित्रकार, एक होम सायन्सच्या बाई. त्या बाईंनी लेकीला विचारलं, "तुमच्या घरच्या ओट्याची उंची किती? आणि आजीची?"

लेक गप्प. घरी आल्याबरोबर तिने शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि आजीला भिंतीला टेकून उभं केलं.