गडगडाट आणि स्मित

इंग्रजीतील 'ॲस्टॉनिश' या क्रियापदाला आपण वर्गात बिनदिक्कत 'आश्चर्यचकित करणे' हा प्रतिशब्द देतो. परंतु मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' (१६६७) या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात, स्वर्गातून लोटले गेलेले देवदूत अग्निसरोवरात पडले असताना सैतान त्यांना याच शब्दाचे विशेषण लावतो. तेथे 'आश्चर्यचकित' लिहिले तर अर्थाचे हसे होते. देवदूतांना नवल वाटलेले नाही. ईश्वराच्या वज्राघाताने त्यांची शुद्ध हरपली आहे.

मिल्टनने शब्दाचा जुना अर्थ जागता ठेवला आहे. लॅटिनमध्ये 'टोनारे' म्हणजे गडगडणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमधील 'एस्तोनेर' हे क्रियापद आले आणि तेथून ते इंग्रजीत शिरले; आजचे रूप सोळाव्या शतकात रुळले. मूळ अर्थ मेघगर्जनेने बधिर करणे. 'स्टन' हा त्याचाच भाऊबंद. पुढे आघात ओसरला, नवल तेवढे उरले.

हाच धातुवंश संस्कृतातही आहे. 'स्तनयित्नु' म्हणजे गर्जणारा मेघ. आपल्याकडे मात्र तो आकाशातच राहिला. नाट्यशास्त्राने अद्भुतरसाचा स्थायीभाव मानलेला 'विस्मय' हा 'स्मि' धातूपासून, म्हणजे स्मिताच्या घरातून आला.

यावरून पश्चिमेचे आश्चर्य कठोर आणि आपले सौम्य, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. 'मिरॅकल' आणि 'ॲडमायर' ज्या लॅटिन शब्दापासून आले, त्याचे नातेही भाषाशास्त्रज्ञ याच स्मिताशी जोडतात. उलट आपला 'चकित' मुळात भ्यालेला आहे. मेघदूतातील यक्षपत्नीची नजर चकित हरिणीची. ती हरिणी बावरलेली आहे. म्हणजे विसर दोन्ही भाषांना पडला. इंग्रजी गडगडाट विसरली, मराठी कंप विसरली.

हा विसर भाषांतरात महागात पडतो. आमचे काही विद्यार्थी भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या धानाच्या गावांतून येतात. नवल वाटले की त्यांच्या तोंडी सहज 'बाप्पा!' येते, 'वीज कोसळली' हे शब्द मात्र ते घरावर संकट आले तरच उच्चारतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत वीज पडणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असते. मिल्टनची ती ओळ शिकवताना त्यांच्यापुढे 'आश्चर्यचकित' ठेवणे म्हणजे त्यांना ठाऊक असलेलेच त्यांच्यापासून लपवणे होय. 'वीज कोसळून बधिर झालेले' असे म्हणावे. ओळ त्यांची त्यांनाच कळते.